फरक नाही, असं मीच लिहिलं होतं

एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी म्हणजे एकाच आईची दोन पोरं, एवढं साधं लोकांना कळत नाही. "बाई, गाणं तेच ना? मग दोन कार्डं कशाला?" असं विचारणारा महिन्यातून एक तरी उपटतोच. मी त्याला खुर्ची देते आणि समजावते. गाणं आधी सिंगल म्हणून छोट्या रेकॉर्डवर निघतं. चाललं की वर्षभरानं अल्बममध्ये, मोठ्या रेकॉर्डवर येतं, आणि तोवर कुणीतरी त्यात हात घातलेला असतो. एखादं कडवं कापलेलं, ड्रम वाढवलेला, शेवट बदललेला. तो फरक कार्डावर टिपायचा, हे माझं काम. रेडिओ केंद्राच्या तळघरात एकतीस वर्षं करतेय. नियम एकच: सुई मध्येच उचलायची नाही. रेकॉर्ड संपून खरखर ऐकू आली की मगच कार्डाला पेन लावायचं. येईल त्याच्याकडून मी हे घोकून घेतलंय.

या वर्षी साहेबांनी फर्मान काढलं, तळघर रिकामं करा. गाणी संगणकात चढवायची, एका गाण्याची एकच रेकॉर्ड ठेवायची. ज्या सिंगलच्या कार्डावर 'फरक नाही' असेल ती भंगारात. या कामाला एक तंत्रज्ञ आला, माझ्याच वयाचा, टक्कल पडलेला, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी मी त्याला सांगितलं, "माझं कार्ड म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. डोळे मिटून चाला." बिचारा तसाच चालला. तीन आठवड्यांत भंगाराची चार खोकी भरली.

बुधवारी दुपारी त्यानं हाक मारली. "बाई, हे जरा ऐकता? कार्डावर फरक नाही म्हणताय, पण शेवट जुळत नाही."

"न जुळायला काय झालं? तुमची सुई खराब असेल."

"सुई कालच बदललीय. आमच्या लग्नात वाजलं होतं हो हे गाणं. टाकवेना, म्हणून एकदा लावलं."

मी तणतणतच हेडफोन घेतला. गाणं रस्त्यावरच्या कुणालाही पाठ असेल असं. पहिलं कडवं तेच, दुसरं तेच. मग शेवट. अल्बममध्ये तिथं व्हायोलिन आहे. इथं व्हायोलिनचा पत्ता नव्हता. एक मुलगी गात होती. शब्द नाहीत, नुसता आलाप, एकटीचा, वर वर चढत गेलेला. तो आवाज माझ्या नणंदेचा होता.

नणंद एकोणीस वर्षांची असताना कोरसमध्ये गायची. मी लग्न होऊन आले तेव्हा सांगायची, "त्या गाण्याचा शेवट मी म्हटलाय." कोरसवाल्यांना रेकॉर्ड कोण देतो? ती दुकानात पोचली तोवर सिंगल संपून अल्बम आला होता. हातात पुरावा काही नाही. बावीस वर्षांपूर्वी थोरल्या भाऊजींकडे जेवायला जमलो होतो, आम्ही दोघी धरून चौदा माणसं, तेव्हा विषय पुन्हा निघाला. मी घरातली तज्ज्ञ. भाऊजींकडचा अल्बम लावला, शेवटी व्हायोलिन वाजलं. ती म्हणाली, "मी सिंगलवर आहे, वहिनी." मी म्हणाले, "सिंगलचं कार्ड मी स्वतः केलंय. काडीचा फरक नाही. तू काय व्हायोलिन होतीस का?"

सगळे पोट धरधरून हसले. त्या दिवसापासून घरात तिचं नाव व्हायोलिन पडलं. पोरं 'व्हायोलिन आत्या' म्हणायला लागली. हसण्यावारी तीही न्यायची. पण भांडी घासताना गुणगुणायची, ते बंद झालं. आता दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते आणि लोकांना नंबर देते. तिनं गाणं का सोडलं, हे मी कधी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, मनातसुद्धा आलं नाही.

कार्डावरची तारीख बघितली तेव्हा सगळं आठवलं. त्या आठवड्यात दोनशे सिंगल एकदम येऊन पडल्या होत्या. सुरुवात ऐकली, मधलं थोडं ऐकलं, लेबलवर वेळ तीच छापलेली दिसली, आणि मी सुई उचलली.

"होतं हो बाई," तंत्रज्ञ म्हणाला. "एवढी हजारो कार्डं."

"या एका कार्डानं माझ्या नणंदेला बावीस वर्षं खोटं पाडलंय," मी म्हणाले. मला इतकी लाज वाटत होती की त्याच्याकडे बघवेना.

चारही खोकी उघडून त्यानं रेकॉर्डी परत टेबलावर काढल्या. "सगळ्या पुन्हा ऐकू," म्हणाला. मग नणंदेचं गाणं माझ्या फोनवर उतरवून दिलं. मी जुनी ओळ खोडली आणि नवी लिहिली: शेवट वेगळा, व्हायोलिन नाही, स्त्रीच्या आवाजात आलाप. पुढे नणंदेचं पूर्ण नाव लिहिलं.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. ती ओट्याशी भाजी चिरत होती. मी कार्ड तिच्यापुढे ठेवलं आणि गाणं लावलं. आलाप सुरू झाला तशी सुरी थांबली.

"परत लाव," ती म्हणाली.

तीनदा लावलं. तिसऱ्यांदा तिचे डोळे भरून आले. "श्वास बघ केवढा होता. आता जिना चढले तरी धाप लागते."

"माझं चुकलं," मी म्हणाले. "मी शेवट ऐकलाच नव्हता. ऐकल्यासारखं लिहिलं, आणि वर तुझी टिंगल केली."

तिनं कार्ड सावकाश वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. "मला कशाला सांगतेस वहिनी? मला माहीतच होतं. चौदा जण होते त्या दिवशी."

खरंच होतं. अब्रू चारचौघांत घ्यायची आणि माफी स्वयंपाकघरात मागायची, हा कुठला न्याय? मी मोजलं. दोघं वारले, आम्ही दोघी सोडून दहा उरले. तिचाच फोन घेतला, स्पीकरवर टाकला आणि थोरल्या भाऊजींना लावला.

"काय म्हणतेय आमची व्हायोलिन?" त्यांनी तिचा नंबर बघून हसत विचारलं.

"भाऊजी, मी बोलतेय. तिला आता तसं म्हणायचं नाही. त्या गाण्याचा शेवट तिनंच म्हटलाय. सिंगल सापडली."

"अगं, पण तूच तर म्हणाली होतीस, फरक नाही म्हणून."

"मीच म्हणाले होते, आणि ते चूक होतं. आता गप्प बसा आणि शेवटपर्यंत ऐका."

माझ्या फोनवर गाणं लावून तो तिच्या फोनजवळ धरला. भाऊजी कडव्यांना हं हं करत होते. आलाप आला तसे थांबले. गाणं संपलं. मग त्यांनी नणंदेला तिच्या लहानपणच्या नावानं हाक मारली. ते नाव बावीस वर्षांत मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"दे तिला फोन," ते म्हणाले.

नणंदेनं पदरानं डोळे पुसले आणि नाही म्हणून मान हलवली. सुरी पुन्हा हातात घेतली.

"नंतर बोलते म्हणावं दादाला," ती म्हणाली. "अजून नऊ जण राहिलेत."

मी दुसरा नंबर लावला.