वचनपेटीचा राग

“डोळे मिटून काढायचं. हाताला येईल ते आपलं. बदलून घ्यायचं नाही, आणि दुसऱ्यासाठी तर मुळीच काढायचं नाही.”

मित्रांनो, हे शब्द एका सुताराचे. आपल्या लेकीच्या हातात मला ठेवताना त्याने हे बजावले आणि माझ्या झाकणावरून शेवटचा हात फिरवला. मी एक जुनी वचनपेटी आहे. वीतभर लांबीची, सरकत्या झाकणाची. माझ्या पोटात बायबलमधली वचने आहेत. एकेका कागदी पट्टीवर एकेक लिहून, सुरळी करून उभी ठेवलेली. रोज सकाळी प्रार्थनेनंतर एक सुरळी काढायची, दिवसभर तिच्यावर मनन करायचे, संध्याकाळी परत ठेवायची. एवढेच माझे काम.

तुम्हांला वाटेल, अशी पेटी किती शांत असेल! नाही. मी रागावलेली आहे. का, ते सांगते.

माझा जन्म एका दाराच्या उरलेल्या फळीतून झाला. सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केले आणि खाचा पाडून माझे सांधे असे बसवले की एकही खिळा लागला नाही. वचनेही त्यानेच लिहिली, कानामागच्या पेन्सिलीने. त्याचे अक्षर म्हणजे ओळीने ठोकलेले बारीक खिळेच. पण एकही वाकडा गेला नव्हता.

त्याची लेक कपडे शिवायची. गल्लीत सगळे तिला ताई म्हणत. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, कोणाची तुटलेली चेन. मी तिच्या मशीनशेजारी खिडकीत असायचे. सकाळी निघालेली पट्टी ती टाचणीने समोरच्या पडद्याला लावायची आणि एक शिवण संपली की दुसरी घेण्याआधी तिच्याकडे बघायची. ओठ हलायचे नाहीत. पण थोड्या वेळाने तिचे खांदे खाली यायचे, आणि पायाखालची मशीन एका लयीत चालू लागायची. मापे द्यायला आलेली माणसे म्हणायची, “ताई, तुमच्याकडे आलं की डोकं कसं शांत होतं हो!” ताई हसून छताकडे बोट दाखवायची. “पंखा नवीन आहे.”

मग सुतार गेला. पुष्कळ दिवस ताईने मला उघडले नाही. माझ्या झाकणावर बटणे साठली, खडूचे तुकडे साठले. तेव्हा मला राग आला नाही. माणूस रडत असताना त्याला हाका मारू नयेत, एवढे लाकडालाही कळते.

ताईच्या लेकीने, बारकीने, मला पुन्हा उघडले. पण ही कार्टी आजोबांचा नियम पाळेल तर ना! “हे फार कडक आहे, दुसरं घेते,” म्हणून पुन्हा हात घालायची.

“ते काय गोळ्यांचं दुकान आहे?” ताई म्हणायची. “ठेव ते. तेच आज तुझं.”

बारकीवर मी नुसती कुरकुरले. खरा राग आला तो तिच्या मामाचा.

मामा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. त्याची बेकरी. बारकी मोठी होऊन तिथे कामाला लागली. भट्टीचे लोखंडी दार वर उचलून खिट्टीत अडकवायचे असे. ती खिट्टी झिजली होती. दार मध्येच खाली यायचे. बारकीने मामाला पुन्हा पुन्हा सांगितले. त्याने तिला लाकडाची एक पाचर दिली आणि म्हणाला, “ही लाव आणि जपून कर, झालं.” एके दिवशी पाचर निसटली आणि तापलेले दार बारकीच्या मनगटावर आले.

काही दिवसांनी मामा ताज्या पावांची पिशवी घेऊन आला. बारकी हाताला पट्टी बांधून कोपऱ्यात बसली होती.

“काय गं ताई, चेहरा बघ तुझा! घाबरून मशीन उलटी चालायची.”

ताई हसली नाही. “खिट्टी बदललीस?”

“बदलतो ना. जरा सवड मिळू दे. आणि बारकीला आराम करू दे निवांत, परवा पहाटेपासून पलीकडच्या गल्लीतली पोरगी येतेय कामाला.”

“त्याच दाराशी?”

“तिला सांगतो की, जपून कर म्हणून.”

“मलाही तेच सांगितलं होतंस, मामा,” बारकी म्हणाली.

ताईच्या हातातली कात्री मेजावर आपटली. तिचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. “अरे, हात गेला असता पोरीचा!”

तेव्हा मामाने काय केले माहीत आहे? त्याने मला उचलले, झाकण सरकवले आणि सगळी वचने मेजावर ओतली. डोळे उघडे ठेवून! भाजी निवडावी तशी एकेक पट्टी उलगडून बाजूला टाकली आणि हवी ती सापडल्यावर ताईसमोर ठेवली. शांत राहा, मी देव आहे हे जाणा, अशा अर्थाचे वचन होते ते.

“घे. मी नाही, देव सांगतोय. प्रार्थना करणारी बाई तू, तुला शोभतो का हा आवाज?”

“मामा, डोळे मिटून काढायचं असतं,” बारकी म्हणाली. “ही चीटिंग आहे.”

“तू गप्प बस गं, वकीलबाई!”

आणि ताई गप्प बसली. मित्रांनो, माझे सांधे करकरले! जे वचन सुताराने आजारी बायकोच्या उशाशी बसून लिहिले होते, ज्याने त्या घराला धीर दिला होता, त्याचा या माणसाने बोळा केला आणि बहिणीच्या तोंडात कोंबला. खिट्टी बदलायला सवड नव्हती, वचन निवडायला होती! मला दात असते तर झाकण सरकवताना त्याचे बोट सोडले नसते.

संध्याकाळी ताईने सांडलेल्या पट्ट्या एकेक करून पुन्हा गुंडाळल्या. बारकीने हळूच विचारले, “आई, त्या पोरीचं काय?”

“तुझ्यानंतर कुणाचा हात त्या दाराखाली जाणार नाही. शब्द देते तुला.”

पण तो शब्द पाळायचा कसा, हे तिला उमगत नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने डोळे मिटून माझ्यात हात घातला. मी कुठलीही पट्टी पुढे ढकलली नाही. खोटे कशाला बोलू? जे निघाले ते असे होते: राग आला तरी पाप करू नका, सूर्य मावळेपर्यंत राग मनात ठेवू नका.

तिने ते पडद्याला लावले. एक शिवण घातली, वाकडी गेली, उसवली. पुन्हा घातली, पुन्हा उसवली. मग हात मांडीवर ठेवून ती नुसती बघत राहिली.

“बारके,” बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “राग येणारच, हे धरूनच चाललंय की हे.”

“मग?”

“मला वाटायचं, संध्याकाळपर्यंत तो गिळून टाकायचा. पण गिळायला कुठं सांगितलंय? मावळायच्या आत मिटवायचं, तर जाऊनच मिटवायला हवं. आणि पाप करू नका. रात्रभर मी मनात त्याच्या गिऱ्हाइकांसमोर त्याला शिव्या देत होते. ते नाही करायचं.”

“आणि मामानं काढलेलं वचन?”

“तेही खरंच आहे. पण ते माझं मी ऐकायचं. त्यानं माझ्या तोंडाला चिकटवायचं नाही.”

तिचे खांदे खाली आले. शिवण सरळ गेली. आणि माझाही राग, काय सांगू, तसाच राहिला, पण त्याची धग उतरली.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी पेटी असेल, किंवा नुसताच एखादा चांगला शब्द असेल, तर त्याला जपा. धूळ बसली तर चालेल, पुसता येते. पण ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याला गप्प करायला तो वापरू नका. शांती हवी तर डोळे मिटून स्वतःसाठी काढा, आणि निघेल ते सोसा.

दुपारी ताई हार्डवेअरच्या दुकानातून नवी खिट्टी घेऊन आली. सुताराचा जुना स्क्रू-ड्रायव्हर तिने टोपलीच्या तळातून काढला.

“भट्टी आता थंडच असेल ना गं?”

“संध्याकाळी असते. मामा बसवू देईल?”

“धरून उभा राहायला सांगीन. दार जड आहे, मला एकटीला नाही जमायचं.”

ऊन कलल्यावर तिने पट्टी पडद्यावरून काढली, गुंडाळली, माझ्यात ठेवली आणि झाकण अलगद सरकवले. मग चपला घातल्या. समोरच्या छपरावर अजून ऊन होते. दार तिने आवाज न करता ओढून घेतले.