समोरच्या पायरीवरचा डबा

पुरानंतर मदतीचं धान्य आलं ते आमच्या रस्त्याच्या एकाच बाजूला. सगळ्यांना पुरेल एवढं नव्हतंच, म्हणून चिठ्ठी टाकून बाजू ठरली. काही महिन्यांनी दोन्हीकडच्या पोरांची वजनं करायची आणि खर्च सार्थकी लागला का ते बघायचं, असा वरच्यांचा बेत होता. धान्य पलीकडे दिलं तर कार्ड रद्द, असा दमही भरलेला.

पलीकडे माझी धाकटी जाऊ राहते. तिच्याशी मी बोलत नाही. वेगळं निघताना तिने जे सुनावलं ते मी विसरलेले नाही. पण तिची लेक अंगावर पिणारी. अबोला धरला म्हणून तिला उपाशी ठेवायचं, असं कुठे ठरलं होतं? रोज सकाळी मी तिच्या पायरीवर डबा ठेवायचे, कडी वाजवायचे आणि वळायचे. संध्याकाळी घासलेला डबा माझ्या पायरीवर असायचा.

वजनं झाली. मोजणीवाल्या मुलीने सगळ्यांना शाळेत बोलावलं. तिचा चेहरा उतरला होता.

"दोन्हीकडची वजनं सारखीच आहेत," ती म्हणाली. "म्हणजे एवढा खर्च करून फायदा काहीच नाही, असा हिशेब निघतो. धान्य बंद होईल. कुणी पलीकडे दिलं असेल तर सांगा, हिशेबच बदलेल."

सगळे आपापल्या अंगठ्याकडे बघत बसले. मीसुद्धा. बोलावं तर माझं कार्ड जाणार, न बोलावं तर सगळ्यांचंच धान्य. इकडे आड, तिकडे विहीर.

तेवढ्यात मागून जाऊ उठली.

"मी खाल्लंय. थोरल्या जाऊबाईंकडून चोरून न्यायचे. त्यांना माहीत नव्हतं. त्यांचं कार्ड काढू नका."

माझं डोकंच फिरलं. "ही कसली चोरतेय? हिला स्वतःच्या घरातलं मीठ सापडत नाही. मी द्यायचे, रोज. काढा माझं कार्ड."

मग शिंपी उठला. तो मेहुणीला द्यायचा. शेजारीण उठली. बघता बघता आमची अख्खी बाजू उभी राहिली. मोजणीवाली हसायला लागली आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

"मी तुमची तुलना भलत्यांशीच करत होते," ती म्हणाली.

मग ती नदीपलीकडच्या वस्तीत गेली, जिथे कुणालाच काही मिळालं नव्हतं. तिथली पोरं काट्यावर आमच्यापेक्षा इतकी हलकी भरली, की त्या दिवशी तिला घास गेला नाही. तेवढ्याच धान्यात आम्ही दुप्पट माणसं जगवली, असं तिने वर कळवलं. धान्य चालू राहिलं, तिकडे नदीपलीकडे आणि आमच्या समोरच्या बाजूलाही मिळू लागलं. कार्डांचा विषय कुणी काढला नाही.

आता जावेला माझ्या डब्याची गरज नव्हती. पण हाताला सवय लागलेली. सकाळी भरला, तिच्या पायरीवर ठेवला, कडी वाजवली आणि वळले.

दार आधीच उघडं होतं. लेकीला कडेवर घेऊन ती उभी होती.

"ताई, थांबा," ती म्हणाली. "ही तुम्हाला नुसत्या पाठीवरून ओळखते. आज तोंड दाखवा की तिला."