चंद्रभागाबाईंचा जांभळा रंग

चार-सहा ओळींच्या एका जुन्या प्रोग्रॅमला कसले आले आयुष्य, असे तुम्हाला वाटेल. पण मित्रांनो, मला ते होते.

हिंजवडीच्या एका कंपनीत नम्रताने मला लिहिले. कुणाचेही नाव आले, की मी त्याच्या अक्षरांचे आकडे करी आणि आकड्यांचा रंग. तेच नाव, तोच रंग, कितीदाही विचारा. मात्र एखादे अक्षर बदलले, तर रंग पार वेगळा.

सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात मी कामाला लागलो. ज्याचा नंबर येई, त्याचे नाव पडद्यावर त्याच्या रंगाच्या पट्टीत झळके. वाचता न येणाऱ्यांची सोय झाली. वाशीमहून लेकाकडे राहायला आलेल्या चंद्रभागाबाईंचा रंग जांभळा. त्या शेजारणीला सांगत, "जांभया दिसला का उठाचं!" ऐकून मला धन्य वाटे.

पुढे आमोद नावाचा नवा कारकून आला. त्याने सगळ्यांची नावे ओळखपत्राप्रमाणे नीट केली. 'चंद्रभागाबाई'मधले 'बाई' गेले. मी मुकाट्याने नव्या नावाचा रंग काढला. हिरवा.

त्या सकाळी चंद्रभागाबाई मधुमेहाच्या तपासणीसाठी उपाशीपोटी आल्या होत्या. हिरवी पट्टी झळकली आणि गेली. त्या बसूनच. आमोदने पुढचे नाव लावले. दुपारी त्यांनी आमोदला विचारले,

"बापू, माया जांभया अजून नाई आला?"

"आजी, नाव केव्हाच येऊन गेलं. पडदा बघायला लावलाय, शोभेला नाही."

"पाहूनच तं रायली मी..."

उठता उठता त्या खुर्चीपाशीच कोसळल्या. अंग घामाने भिजलेले, तोंडातून शब्द फुटेना. डॉक्टर धावत आल्या. साखर फार उतरली होती. त्या शुद्धीवर येईपर्यंत आमोद भिंतीला टेकून उभा होता.

"मी फक्त नाव सुधारलं हो," तो फोनवर नम्रताला म्हणाला.

"आणि नाव बदलू शकतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही," ती म्हणाली.

तिने प्रत्येकाचा पहिला रंग त्याच्या नोंदीला कायमचा जोडला आणि मला कामावरून काढले.

चंद्रभागाबाई बऱ्या झाल्या. जांभळी पट्टी पुन्हा लागते, पण त्या पडद्याकडे पाहत नाहीत. सुनेचा हात घट्ट धरून सारख्या विचारतात, "गेला तं नाई ना माया नंबर?"

मित्रांनो, कुणाचे नाव सुधारण्याआधी त्या माणसाला विचारा. आणि नंबर लागूनही कुणी उठले नाही, तर एक हाक मारा. मला आवाज नव्हता. तुम्हाला आहे.