पहिल्या कापातली फळी

ताईचा फोन आला तेव्हा मिस्त्री आऱ्याचं पातं घासत बसला होता. तीस वर्षं लाकूड कापलेला माणूस, घाई म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. ताईला मात्र दम म्हणून नव्हता.

"अरे, जंगलखात्याचे साहेब येऊन खुंट बघून गेले. दुपारी तुमच्या वखारीत ओंडका बघायला येताहेत. दोन्ही टोकं फुटली होती ना, म्हणून तोडलं तेव्हाच त्यांनी आकड्याच्या हातोड्याचा छाप टोकाऐवजी ओंडक्याच्या अंगावर मारलाय, साल तासून. तू बघितला असशीलच."

"हो हो," मिस्त्री म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानं काहीही बघितलं नव्हतं.

वखारीत एकच नियम डोळ्यांत तेल घालून पाळायचा: हातोड्याचा छाप असलेलं टोक शेवटच्या फळीपर्यंत राखायचं. खुंटावरचा आकडा आणि ओंडक्यावरचा आकडा जुळला तर लाकूड कायद्याचं, नाही तर चोरीचं. मग वखारीचा परवाना गेला, आणि झाड ज्याचं त्याच्यावर खटला. दुसऱ्या कुणाचा ओंडका असता तर मिस्त्रीनं टोकांवरचा चिखल खरवडून आकडा वाचल्याशिवाय आरा चालू केला नसता. पण हे ताईचं झाड. घराच्या छपरावर कललं होतं म्हणून ते तोडण्यासाठी ताईनं आठ महिने कचेरीत खेटे घातले होते, आणि परवानगीचा कागद मिस्त्रीनं स्वतः वाचला होता. घरच्याच झाडाला कसली तपासणी, असं म्हणून त्यानं काल ओंडका आऱ्याच्या गाडीवर चढवला आणि पहिला काप घेतला.

पहिल्या कापात निघते ती नुसती साल, जळणाच्या ढिगात जायची. मिस्त्रीचं मन होईना. याच झाडावर चढून तो लहानपणी खाली पडला होता आणि ताईनं त्याला पाठीवर घरी आणलं होतं. त्यानं सालीच्या आतली हातभर फळी काढली, दोन्ही बाजूंनी रंध्यावर गुळगुळीत केली आणि सुनेला भाजी चिरायला पाट म्हणून नेऊन दिली. भुसा उडतो म्हणून चष्मा खिशात होता.

आता तो ओंडक्याभोवती तीनदा फिरला. तीन बाजूंना साल शाबूत. चौथी बाजू त्यानंच कापलेली, स्वच्छ, पिवळी. म्हणजे छाप याच बाजूवर होता.

वखारीच्या मालकाला सांगावंच लागलं. मालक चिडला नाही, हेच मिस्त्रीला विचित्र वाटलं. त्यानं माळ्यावरून एक धूळ खाल्लेला तुकडा काढून आणला. त्यावर छाप होता, जुना, कुठल्या तरी भलत्याच झाडाचा.

"हा सरसानं चिकटव. वरून चिखल फास. साहेब काही भिंग घेऊन येत नाही."

"आकडा जुळणार नाही, मालक."

"जुळला नाही तर बघू. तुझी बहीण सांगेल काहीतरी."

मिस्त्रीनं तुकडा हातात घेतला. खोटं पकडलं गेलं तर साहेबासमोर उभी राहणार होती ती ताई, जी आठ महिने रांगेत उभी राहिली पण कुणाला चहासुद्धा पाजून काम करून घेतलं नाही. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले. तुकडा टेबलावर ठेवून तो सायकलकडे धावला. साहेब यायला दीड तास होता.

घरी जाऊन काय मिळणार, हे मात्र त्याला सांगता आलं नसतं. छाप त्यानंच तर रंध्याखाली घातला होता. पायडल मारताना तो स्वतःला शिव्या घालत होता. एरवी गिऱ्हाईक बोट फिरवून म्हणायचं, मिस्त्री, काच केलीत की. आज ती काचच गळ्याशी आली होती.

सून ओट्यापाशी उभी होती.

"बाबा, बरं झालं आलात. राग येऊ देऊ नका, पण तुमचा पाट बिघडलाय. रात्री धुवायला पाण्यात ठेवला, तर सकाळी मधेच काहीतरी वर आलंय. सुरी अडते."

मिस्त्रीनं पाट हिसकावलाच. मधोमध, गुळगुळीत फळीवर, गव्हाच्या दाण्याएवढे उंचवटे. त्यानं चष्मा लावला, मग काढला, डोळे मिटले आणि बोट फिरवलं. हातोड्यानं लाकूड नुसतं चेपलं होतं. रंध्यानं आजूबाजूचं तासलं, आणि चेपलेलं लाकूड रात्रभर पाणी पिऊन फुगून वर आलं होतं. हे त्याला तीस वर्षं माहीत होतं. गिऱ्हाइकाच्या टेबलावर ठोकर बसली तर तो ओलं फडकंच ठेवायचा.

चार. एक. शेवटचा आकडा धूसर होता.

"पाणी आण," तो म्हणाला. "गरम आण."

सुनेनं पातेलं ओतलं. दोघं पाटावर वाकून थांबली. हळूहळू सात वर आला.

"पण झालंय काय, बाबा?"

मिस्त्रीनं पाट ओल्या फडक्यात गुंडाळून छातीशी धरला. उभ्या आयुष्यात त्याचं काम पहिल्यांदाच खडबडीत निघालं होतं, आणि तो सुनेसमोर लहान मुलासारखा रडत होता.