यारीची पहिली खेप

मी पुण्यात एका कंपनीत ‘कार्यक्रम नियोजन’ करते असं सांगितलं, की आमच्या गावच्या, दुसरबीडच्या बायकांना वाटतं मी लोकांची लग्नं अन बारशी उरकते. उरकत असते तर बरं झालं असतं. तिथं निदान नासकी भाजी कुणाच्या पानात पडली तर वास तरी येतो. मी सैन्याला लागणारं सामान परदेशात विकायच्या योजना बनवते. कोणत्या देशाला काय विकायचं, त्यातलं किती इथं बनवायचं, किती त्यांच्या कारखान्यात जोडायचं, वीस वर्षं सुटे भाग कसे पुरवायचे, पाहुण्यांना कुठं जेवू घालायचं, सगळं माझ्या तक्त्यांत असतं. गेल्या एप्रिलपर्यंत मला या कामाचा अभिमान होता. आता त्या तक्त्यांची किळस येते, अन माझी त्याहून जास्त.

गोष्ट एका यारीची आहे. यारी म्हणजे विहीर खणताना तळातले दगडगोटे वर ओढणारं यंत्र. वर लोखंडी हात, त्यावरून जाणारा तारेचा दोर, दोराला मोठा डबा. आमच्या गावात यारी बनवावी ती कय्यूमचाचांनीच. त्यांचं वर्कशॉप आमच्या घराला लागून. त्यांच्या घणाच्या आवाजात मी पाढे पाठ केले, अन ताप आला की अख्तरीचाची माझ्या उशाशी येऊन बसायची.

चाचांच्या यारीतली खरी चीज एकच. दोर गुंडाळणाऱ्या ड्रमला दातेरी चाक असतं, आणि त्या दातांत पडणारा वीतभर लोखंडी खटका. इंजिन बंद पडो, ब्रेक सुटो, खटका दातात पडला की डबा जागच्या जागी थांबतो. चाचा तो खटका ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवतात, भट्टीत लाल करून, तेलात बुडवून. अन त्यांच्या घरात एक रीत आहे. नवी यारी विहिरीवर बसली, की पहिल्या खेपेला बनवणारा स्वतः डब्यात बसून तळाला जाऊन येतो. त्याच्यानंतर मजूर उतरतात. चाचांचे वडील हेच करायचे. कुणी हसलं तर चाचा म्हणतात, “मीच नाई बसलो तं लोक काऊन बसतीन?”

आमची कंपनी तेव्हा एका लहानशा डोंगराळ देशाला विकायला यंत्र शोधत होती. दरीत जखमी होऊन पडलेल्या शिपायाला वर ओढून घ्यायचं यंत्र. एक जखमी अन त्याला धरून बसलेला त्याचा सोबती, एवढं वजन पेलणारं. तज्ज्ञांच्या बैठकांवर बैठका झाल्या, चहा-बिस्किटं झाली, हाती काही नाही. मीच बोलले, “सर, आमच्या गावात हे चाळीस वर्षांपासून बनतं.” सगळे हसले. माझी भाषा ऐकून ते तसेही हसतातच. पण चाचांच्या यारीचे फोटो पाहिले अन हसू थांबलं. ठरलं, सांगाडा, ड्रम अन खटका दुसरबीडला बनणार, बाकीचं पुण्यात, जोडणी त्या देशात. चारशे यंत्रं. चाचांनी वर्कशॉपसमोर पेढे वाटले. येईल त्याला सांगत, “आपल्या योगिनीनं गावाचं नाव काढलं!” मलाही तसंच वाटत होतं.

मग ती बैठक झाली. आमचे साहेब, प्रज्वल सर, वयानं माझ्याएवढेच. बोलणं एकदम गोड, आवाज कधी चढत नाही. ते म्हणाले, “योगिनी, हा खटका तुटतच नाही. अडचण आहे.”

“तुटत नाही ही अडचण?” मी म्हटलं.

“अगं, वीस वर्षांची सुट्या भागांची योजना आहे आपली. भागच झिजले नाहीत तर पुरवायचं काय?”

आणि ठरलं की चाचांच्या घडीव खटक्याऐवजी ओतीव खटका बसवायचा. साच्यात ओतलेला, दोनेक वर्षांत झिजणारा. नमुन्याचे पाच खटके तपासले. पूर्ण वजनाला पाचातल्या एकाचं टोक उडालं. तो अहवाल मी सरांपुढं ठेवला. त्यांनी तो नीट वाचला, हे मुद्दाम सांगते. वाचून म्हणाले, “चार टिकले ना? मग ‘समाधानकारक’ लिही.”

अन मी लिहिलं. कुणी दटावलं नाही, धमकावलं नाही. मी लिहिलं, सेव्ह केलं, अन कॅन्टीनमध्ये जाऊन मसाला डोसा खाल्ला. थू माझ्या जिनगानीवर!

पाहुण्यांपुढं यंत्र चालवून दाखवायचं ठरलं ते दुसरबीडलाच, गावातले मोठे शेतकरी हिंमतराव यांच्या शेतात. त्यांनी नवी विहीर खणलेली, साठ फूट खोल, तळ कोरडा ठणठणीत. सकाळच्या तक्त्यात मी आधीच एक ओळ घालून ठेवली होती: ‘११.२० – पारंपरिक पहिली खेप, श्री. कय्यूम’. सरांना ती फार आवडली होती. “पाहुण्यांना असलं काहीतरी हवंच असतं,” म्हणाले. खटका बदलला तरी ती ओळ मी काढली नाही, कारण मला वाटलं, दाखवायच्या यंत्रात तरी चाचांचाच खटका असणार. इतकी मी शहाणी.

एप्रिलचं ऊन. विहिरीजवळ मांडव, खुर्च्यांना पांढरी कापडं, दोन कूलर. हिंमतराव कडक इस्त्रीचा सदरा घालून फिरत होते. त्यांच्या घरच्या अन्नपूर्णाबाई पहाटेपासून चुलीशी, भरीत-भाकरी अन पुरणपोळ्या. समृद्धी महामार्गावरून तीन गाड्या आल्या, त्यातून तीन परदेशी अधिकारी उतरले. दुपारी त्यांना लोणारचं सरोवर दाखवायचं होतं, म्हणून सगळ्यांना घाई.

कय्यूमचाचा नवा पांढरा कुर्ता घालून आले होते. यंत्राभोवती दोन चकरा मारून माझ्याजवळ आले. “बेटा, माह्याच यारीचं झाकण मले उघडू देऊन नाई राह्यले हे लोक. काऊन?”

“कंपनीचा नियम आहे, चाचा. सील लावलंय.”

“आपल्या लेकराचं तोंड पाह्यला नियम लागते का वं?” म्हणत ते हसले अन डब्याच्या कड्या ओढून पाहायला लागले.

मी सहज ड्रमवरच्या त्या झाकणापाशी गेले. झाकणावर भागांच्या क्रमांकांची पट्टी होती. ते क्रमांक मीच दिलेले, मला तोंडपाठ. आत ओतीव खटका होता. मी तशीच सरांकडे गेले अन त्यांना कोपऱ्यात घेतलं.

“सर, यात ओतीव खटका आहे.”

“अर्थातच. जे दाखवायचं तेच विकायचं, असा करार आहे. खोटं कसं दाखवणार?”

बघा माणूस! म्हणे खोटं कसं दाखवणार.

“मग चाचांना बसवू नका. ती ओळ काढते मी.”

“योगिनी, छापील कार्यक्रम आहे त्यांच्या हातात. अन या बाबाचं वजन असून असून किती? साठ किलो? साठ किलोला काही होत नाही.” माझ्या खांद्यावर थाप मारून ते पाहुण्यांकडे वळले.

साठ किलोला होणार नाही, हे खरंच होतं. मी स्वतःला समजावलं. दहा मिनिटं मी गप्प राहिले, हेही लिहून ठेवते.

सव्वाअकराला त्या पाहुण्यांमधला मोठा अधिकारी उठला. उंचापुरा, केस पांढरे. इंग्रजीत म्हणाला, एकट्या माणसाच्या खेपेत काय पाहायचं? आमच्याकडं दोन माणसं बसतील, सामान असेल. पूर्ण वजन टाका अन मधेच इंजिन बंद करून दाखवा. प्रज्वल सरांनी हसून मान हलवली, “अवश्य.” दोन गड्यांनी वाळूच्या तीन गोण्या डब्यात टाकल्या. चाचांनी चपला काढल्या, बिस्मिल्ला म्हटलं अन एक पाय डब्यात घातला. डबा विहिरीच्या तोंडावर हलकेच झुलला.

“चाचा!” मी ओरडले. पुण्यात मी ‘मला’ म्हणते, पण तेव्हा आवाज गावचाच निघाला. “बसू नोका! खटका तुमचा नाई त्याच्यात!”

चाचा तसेच, एक पाय आत, एक बाहेर.

“माहा नाई? मंग कोनाचा हाय?”

“ओतीव हाय, चाचा. पाचातला एक तुटला होता. मले माहीत होतं. मीच बरा हाय म्हणून लिवलं.”

चाचांनी पाय बाहेर काढला. रागावले नाहीत. आपल्या पिशवीतून हातोडी काढली, झाकणाचं सील फोडलं अन आत पाहिलं. खटक्यावर नखानं टिचकी मारली. मग प्रज्वल सरांकडे वळून अदबीनं म्हणाले, “साहेब, यारी तुम्ही बनोली. रीत हाय, जो बनोते तो बसते. या, बसा.”

सर हसले. “मला उंचीची भीती वाटते, चाचा.”

“मंग त्या साहेबाले इचारा. घेणारा त्यो हाय.”

दुभाष्या नव्हता, मीच इंग्रजीत सांगितलं. न घाबरता सगळं सांगितलं: टोक उडाल्याचं, अहवालाचं, समाधानकारकचं. तो मोठा अधिकारी उठून झाकणापाशी आला, वाकून पाहिलं. त्याला कळलं. असल्या गोष्टी कळण्यातच त्याची हयात गेली असणार. तो डब्यात बसला नाही. हात झाडत म्हणाला, गोण्या सोडा, गोण्यांवरच पाहू. चाचांच्या वजनाऐवजी आणखी दोन गोण्या डब्यात चढल्या.

डबा खाली गेला. तीस फुटांवर इंजिन बंद केलं. खट्ट! खटका दातात पडला अन डबा थांबला. टिकला. डबा वर आला तेव्हा टाळ्या वाजल्या. हिंमतरावांनीही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते. मला वाटलं होतं तो तुटेल, अन तुटावा असंही वाटत होतं, म्हणजे विषय मिटला असता. चाचा म्हणाले, “अजून चार डाव सोडा ना.” पण अन्नपूर्णाबाईंच्या पुरणपोळ्या गरम होत्या अन लोणारला उशीर होत होता.

आता मला वाटलं, माझी नोकरी गेली. जाऊ दे, म्हटलं. पण ऐका पुढं. त्या मोठ्या अधिकाऱ्यानं प्रज्वल सरांना बाजूला घेतलं अन मला वही घेऊन बोलावलं. म्हणाला, चारशेपैकी पहिली आठ यंत्रं आमच्या मुख्यालयाला जातील, सेनापतींच्या ताफ्यासोबत. त्या आठांत म्हाताऱ्याच्या हातचा खटका बसवा. बाकीची ठरल्याप्रमाणं.

बाकीची ठरल्याप्रमाणं! तीनशे ब्याण्णव. तीनशे ब्याण्णव डब्यांत कुणीतरी शिपाई आपल्या रक्तबंबाळ सोबत्याला कवटाळून बसणार, खाली दरी, अन वर पाचातला एक. त्याला ते माहीत. यांना माहीत. अन चेहरे बघावेत तर लग्नाची तारीख ठरल्यासारखे.

“योगिनी, एवढी एक ओळ वाढव,” सर म्हणाले. अन मग हळूच, “छान हाताळलंस हं. तुझ्या मोकळेपणामुळं त्यांचा विश्वास वाढला. आता जाऊन बाबाशी बोलून घे, आठ खटके.”

शिसारी म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. त्यांनी मला झापलं असतं तर मी रडले असते. शाबासकी दिली, अन माझ्या अंगावर काहीतरी सांडल्यासारखं झालं.

पंगत बसली होती. चाचा जेवायला थांबले नव्हते. बांधापलीकडं बाभळीच्या सावलीत मोटारसायकलला पिशवी अडकवत होते. मी धावत गेले. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, त्या आठांचंही.

“आठ त्याईच्या साहेबायले,” चाचा म्हणाले. “अन बाकीच्यायत कोन बसन?”

“शिपाई.”

“त्याईचे माय-बाप हायत का नाई?”

“चाचा, मी आज बोलली ना. सगळ्यायसमोर बोलली.” माझा आवाज रडवेला झाला होता. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवावा असं मला वाटत होतं, लहानपणी ठेवायचे तसा.

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. “एक इचारू, बेटा? खरं सांगशील?”

“हाव.”

“डब्यात मी नसतो, दुसरं कोनी असतं, तं तू बोलली असती का?”

मांडवातून हसण्याचा आवाज येत होता. अन्नपूर्णाबाई कुणाला तरी आग्रहानं पोळी वाढत होत्या. तो ‘समाधानकारक’ लिहून मला साडेतीन महिने झाले होते. साडेतीन महिन्यांत मी एकदाही झोपेतून दचकून उठले नव्हते, एकदाही त्या शिपायांचा विचार केला नव्हता.

“नाई, चाचा,” मी म्हटलं. “नसती बोलली.”

त्यांनी मान हलवली. किक मारली, गाडी सुरू झाली. मग मांडवाकडं बोट दाखवून म्हणाले, “जाय मंग. बस त्याईच्याच पंगतीत.”