हलकं रीळ

माझ्या बायकोला मासे पकडायचा नाद होता आणि मला तिच्या त्या नादाचा राग. छत्तीस वर्षं हे असंच चाललं. सुटीच्या दिवशी ती पहाटे उठायची, डब्यात गांडुळं घ्यायची, रॉड खांद्यावर टाकायची आणि नदीवर निघायची. मी अंथरुणातून ओरडायचो, "चहा कोण करणार?" चहा ओट्यावर झाकून ठेवलेला असायचा. ते माहीत असूनही मी ओरडायचो. कारखान्यात फिटर होतो, चाळीस वर्षं यंत्रांच्या गोंगाटात बोललो, म्हणून आवाज चढा राहिला असं मी सगळ्यांना सांगत आलो. खरं तर राग माझ्या नाकावरच असतो. त्यात कारखान्याचा काही दोष नाही.

नाद तिला वडिलांकडून लागला होता. रॉडही त्यांचाच. सात फुटी, टोकाला काडीसारखा बारीक, मुठीला बुचाचं आवरण असलेला, लहान नदीतल्या लहान माशांसाठीचा हलका रॉड. वीतभर मासा लागला तरी टोक थरथरतं आणि ते थेट मनगटात कळतं, त्यातच सगळी मजा आहे, असं ती म्हणायची. वीतभर माशासाठी अर्धा दिवस घालवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, असं मी म्हणायचो. ती हसायची. चिडायला एकटा मी होतोच की घरात.

थंडी सरता सरता ती आजारी पडली. डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं की हृदय आकाराने वाढलंय आणि ताकदीने कमी झालंय. औषधांवर दिवस काढायचे. किती ते नक्की नाही, पण पुढची थंडी धरून चालू नका. मुलगी रडली. मी डॉक्टरांवरच चढलो, असं कसं बोलता म्हणून. बायकोने माझी बाही ओढली आणि "चला" म्हणाली.

घरी आल्यावर तिने एकच मागणं मागितलं. एकदा नदीवर नेऊन बसवा.

यात अडचण होती ती मीच करून ठेवलेली. ती दवाखान्यात असताना घरात हात रिकामे राहवेनात, म्हणून मी तिच्या रॉडचं जुनं रीळ, दोरा गुंडाळायचं ते, तेल द्यायला उघडलं होतं. झाकण काढलं आणि आतली नखाएवढी स्प्रिंग उडाली ती गेलीच. दोन दिवस गुडघ्यांवर रांगत कपाटाखाली शोधली. चाळीस वर्षांच्या फिटरला एक रीळ परत जोडता आलं नाही. ती रागावली नाही. म्हणाली, "नवीन आणा. पण जाताना रॉड बरोबर न्या हं. रॉडला लावून बघितल्याशिवाय रीळ घ्यायचं नसतं."

"सात फुटांची काठी घेऊन बसमध्ये चढू? लोक हसतील मला."

"दोन तुकडे होतात तिचे."

"अगं, रीळ म्हणजे काय ते कळतं मला! काही नवीन शिकवू नकोस."



दुकान जुन्या बाजारात, सायकलवाल्याच्या शेजारी. आत गळ, जाळी, रबरी बूट आणि काचेखाली ओळीने मांडलेली रिळं. गल्ल्यावर एक पंचेचाळिशीच्या बाई होत्या. मी म्हटलं, "हलक्या नदीच्या रॉडला रीळ पाहिजे. बायकोसाठी."

"रॉड आणलाय?"

"नाही. सात फुटी आहे. जुना, फायबरचा."

बाईंनी दोन रिळं काढून समोर ठेवली. एक काळं, देखणं, पावणेदोनशे ग्रॅमचं. दुसरं राखाडी, जरा थोराड, अडीचशेच्या पुढचं. काळं तळहातावर घेतलं तर काही घेतलंय असं वाटेना. फिरवून पाहिलं, काय सुरेख फिरत होतं! बेअरिंगचा आवाज मी कानाने ओळखतो. त्या आवाजावरच मी भाळलो.

"जुन्या फायबरच्या रॉडला मी राखाडी देईन, काका," बाई म्हणाल्या. "तो रॉड टोकाकडे जड असतो. मुठीपाशी थोडं वजन पाहिजे, म्हणजे तो हातावर तोलून राहतो."

"बायको आजारी आहे माझी. तिच्या हातात वजन वाढवू?"

"वजन वाढलं तरी हाताला कमी लागतं ते. एकदा रॉड घेऊन या, दाखवते."

"बाई, चाळीस वर्षं यंत्रं जुळवलीत मी. जड काय आणि हलकं काय, एवढं कळतं." आवाज चढलाच. बूट घालून पाहणारं एक गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. बाईंनी राखाडी रीळ परत काचेखाली ठेवलं. काळ्या रिळावर बारीक दोरा भरून दिला आणि ते डबीत घालून माझ्यापुढे सरकवलं.

घरी येईपर्यंत मी तीन वेळा डबी उघडून पाहिली. छत्तीस वर्षांत तिच्या या नादासाठी मी काही आणलेलं नव्हतं, एक गळसुद्धा नाही. तिने रीळ हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे.

"छान आहे," ती म्हणाली. "किती हलकं आहे!"

"म्हटलं नव्हतं, मला कळतं?"

रविवारी मुलीने गाडीतून नदीवर नेलं. घडीची खुर्ची मांडली, पायांवर शाल घातली. ऊन कोवळं होतं, पाणी संथ. तिने रॉड जोडला, रीळ बसवलं, गांडूळ लावलं. गाठ पहिल्या झटक्यात बसली. पहिला गळ तिने असा नेमका टाकला की मुलीने टाळ्या वाजवल्या. मला अभिमान वाटला. तो तिचा वाटायला हवा होता, मला माझ्या रिळाचा वाटला.

दहा मिनिटं बरी गेली. मग रॉडचं टोक हळूहळू खाली यायला लागलं. तिने ते वर उचललं. परत खाली आलं. तिने डावा हात उजव्या मनगटाखाली घेतला. पुन्हा उचललं. कपाळावर घाम आला. टोक पाण्याला टेकलं, आणि तेवढ्यात दोरा बाजूला ओढला गेला. मासा लागला होता, मला काठावरून दिसला, तिला टोकातून कळलाच नाही.

"अगं टोक वर धर ना!" मी ओरडलो. "एवढंसं तर आहे ते!"

"हो," ती म्हणाली.

तिने टोक वर घेतलं तोवर मासा सुटला होता. तिने दोरा गुंडाळला, रॉड माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "झालं माझं. चला घरी."

 वाटेत गाडीत मी खिडकीबाहेर तोंड करून डोळे पुसले. पावणेदोनशे ग्रॅमसुद्धा तिच्या हाताला पेलवत नाहीत, म्हणजे आता काही उरलं नाही, हे माझ्या मनाने घेतलं. नातेवाइकांचे फोन आले की मी तेच सांगायचो, हातातली ताकदच गेली तिच्या. ती पलंगावर पडून ऐकत असायची.

त्यानंतर ती झपाट्याने खालावली. तीन आठवड्यांत उशा लावल्याशिवाय बसता येईना. एके दिवशी म्हणाली, "ते रीळ परत करून या. एकदाच तर वापरलंय, घेतील ते. आणि रॉडही देऊन टाका कोणाला तरी, माळ्यावर सडेल नाहीतर."

मी दोन्ही घेऊन दुकानात गेलो. या खेपेला बसमध्ये रॉड नेताना कोणी हसलं नाही. बाईंनी मला ओळखलं. मी सगळं सांगितलं, टोक पाण्याला टेकलं तेही. त्या उठल्या, रॉड जोडला, काळं रीळ बसवलं, आणि मूठ जिथे धरतात बरोबर तिथे खाली एक बोट लावलं. रॉडने टोकाकडे बुडी मारली. मग त्यांनी काळं काढून राखाडी लावलं आणि पुन्हा बोट लावलं.

रॉड आडवा राहिला. बोटावर, नुसताच, हलेना की डुलेना.

"धरा," बाई म्हणाल्या.

मी धरला. हातात काही नव्हतं. शंभरेक ग्रॅम जास्त होते आणि हाताला काहीच लागत नव्हतं. मग त्यांनी काळं लावून दिलं. मी धडधाकट माणूस, पाच मिनिटांत माझं मनगट भरून आलं. टोक वर धरायला सारखा जोर द्यावा लागत होता.

"काकूंचा हात नव्हता गेला," बाई हळूच म्हणाल्या.

मी रॉड काचेवर आडवा ठेवला. चाकं तोलून लावण्यात माझा जन्म गेला. पंख्याच्या पात्याला कुठे किती वजन चिकटवायचं ते मी पोरांना शिकवलं होतं. तिने सांगितलं होतं रॉड न्या, बाईंनी सांगितलं होतं रॉड आणा. दोघींना मी गप्प केलं होतं. आणि वर मरायला टेकलेल्या बायकोवर नदीकाठी ओरडलो होतो.

काळं परत करून, राखाडी रीळ आणि रॉड घेऊन मी घरी धावतच आलो. काय आशा होती कोण जाणे. मुलगी औषध देत होती. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. "तुझा हात चांगला होता गं. रीळ चुकीचं होतं. मी चुकीचं आणलं. हे बघ, हे लावलं की बोटावर राहतं. जाऊ या आपण परत, उद्याच जाऊ."

तिने राखाडी रिळावर हात ठेवला. उचलायचा प्रयत्नही केला नाही.

"माहीत होतं मला," ती म्हणाली.

"काय?"

"हातात घेतलं तेव्हाच कळलं. त्या रॉडला ते हलकं पडणार."

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. खरंच सांगतो, तेव्हाही चढला. मुलगी दचकून माझ्याकडे बघायला लागली.

बायको दचकली नाही. तिला सवय होती. दम लागत होता म्हणून ती थांबत थांबत बोलली. "एवढे खूश होऊन आला होतात. पहिल्यांदाच. आणि तुम्हाला काही सांगायचं म्हणजे... आधी ओरडणार, मग दोन दिवस जेवणावर रुसणार. म्हटलं, जाऊ दे. कशाला."

"नदीवर शेवटचं जायचं होतं तुला."

"हो ना," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ते तिने लपवले नाहीत. "फार वाटत होतं मला, एकदा तो मासा मनगटात कळावा म्हणून."

मी तिचा हात धरला.  मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ चालू राहिला.

शेवटी मी विचारलं, अगदी हळू आवाजात विचारलं, "आणखी काय काय सांगायचं राहिलंय तुझं? या छत्तीस वर्षांतलं? सांग. मी ओरडणार नाही."

ती माझ्याकडे बघून हसली. थट्टेतलं नव्हे, मायेचंच हसली.

"आता तेवढा वेळ कुठे आहे हो," ती म्हणाली.