तक्रार : दार वाजते

खुर्ची इतकी बुटकी होती की बसल्यावर त्याचे गुडघे छातीशी आले. समोरच्या टेबलावर हसऱ्या, रडक्या आणि रागावलेल्या चेहऱ्यांची चित्रं मांडून ठेवली होती.

"यातला तुमचा आजचा चेहरा कुठला?" समुपदेशक बाईंनी विचारलं आणि लगेच त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. "सॉरी हं. आमच्याकडे लहान मुलंच येतात. ऑटिझम म्हटलं की लोक मुलांनाच घेऊन येतात. मोठं कुणी स्वतःहून आलेलं मी तरी पहिल्यांदाच बघतेय."

"मग मुलं मोठी झाल्यावर कुठे जातात?"

त्याला खरोखरच पत्ता हवा होता. बाईंना तो टोमणा वाटला, आणि भेट तिथेच आटोपली.

तो सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि त्यातली चोवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होता. कामावर सगळे त्याला मोजपट्टी म्हणत. लिफ्ट मजल्यापेक्षा दोन मिलिमीटर वर थांबली तरी त्याला जेवण गोड लागत नसे. लोक चेष्टा करत, पण सगळ्यांनी हात टेकले की त्यालाच बोलावत. लग्न झालं नव्हतं. घरात आई होती आणि वेगळा राहणारा थोरला भाऊ, दादा, दर रविवारी येत असे. आई गेली त्या दिवसापासून दादाने बोलणं टाकलं, त्याला आठ महिने झाले होते. मधल्या काळात एका डॉक्टरांनी तपासून ऑटिझम असल्याचं कागदावर लिहून दिलं, तेव्हा आपल्या आयुष्यभराच्या धडपडीला नाव आहे हे पाहून त्याला हायसं वाटलं. पण तो कागद दादाशी बोलणार नव्हता. ते कसं बोलायचं, हे कुणीतरी सांगावं म्हणून तो फिरत होता.

या बाईंच्या आधी तो एका गृहस्थांकडे गेला होता. ते म्हणाले, आधी माझ्या डोळ्यांत बघून बोलायला शिका. त्याने पाऊण तास इमानेइतबारे त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्या नादात त्यांचा एकही शब्द त्याच्या कानात शिरला नाही. गृहस्थ म्हणाले, छान प्रगती आहे.

तिसऱ्या खेपेला भेटलेल्या बाई चौथ्या मजल्यावर बसत. केस पिकलेले, आवाज खालचा. तो बसताच त्यांनी विचारलं, "या खोलीत तुम्हाला कशाचा त्रास होतोय का?"

असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"ट्यूब गुणगुणतेय."

बाईंनी उठून ट्यूब बंद केली आणि क्षणभर कान दिला. "अगंबाई, खरंच की. मला वाटायचं वयामुळे माझेच कान वाजतात."

मग खिडकीच्या उजेडात दोघं बसले. तो खिडकीच्या कडीकडे बघून बोलत होता आणि बाईंची त्याला काही हरकत दिसली नाही.

"दादा का बोलत नाहीत?"

"आई गेली त्या दिवशी मी दार दुरुस्त करत होतो. आईच्या खोलीचं. घर माणसांनी भरलं होतं. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, आई गेली आणि तुला बिजागरी सुचतेय? काळीज आहे का दगड?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"तीन स्क्रू राहिले होते. ते बसवले."

बाई हसल्या नाहीत की हळहळल्या नाहीत. "त्याच दिवशी का पण?"

आठ महिन्यांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. दादाने नाही, वहिनीने नाही, शेजाऱ्यांनीही नाही. सगळ्यांना उत्तर आधीच ठाऊक होतं.

"दार वाजलं म्हणजे आई उठली. तिचा तोल जायचा. दार कुरकुरलं की मी जाऊन हात धरायचो. तीन वर्षं. म्हणून मुद्दाम तेल घातलं नव्हतं. दादा म्हणायचा, जगाच्या लिफ्टा नीट करतो आणि घरचं दार बोंबलतंय." तो थांबला. "त्या दिवशी माणसं सारखी आतबाहेर करत होती. दार वाजत होतं. प्रत्येक वेळी मी उठत होतो."

यंत्राचा नंबर वाचून दाखवावा तशा आवाजात त्याने हे सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"हे दादांना सांगितलंत?"

"तोंडी नाही जमत."

"कामावर मग कसं सांगता?"

"कार्ड भरतो. तक्रार, कारण, केलेलं काम. खाली ग्राहकाची सही. सही झाल्याशिवाय काम पुरं धरत नाहीत."

"मग तसंच भरा की," बाई म्हणाल्या.

त्याने घरी येऊन कार्ड भरलं. अक्षर नेहमीसारखंच ठसठशीत आलं.

तक्रार : दार वाजते.
कारण : दार वाजले की आई उठली असे वाटते. तोल जाऊ नये म्हणून हात धरायला उठतो. आई गेली आहे.
केलेले काम : बिजागरी बदलली. तेल घातले. आता वाजत नाही.

सहीची जागा रिकामी ठेवून त्याने ते दादाच्या पत्त्यावर पाठवलं.

दादा रविवारी आला. कार्ड त्याच्या शर्टाच्या खिशात होतं आणि घडीवर मऊ पडलं होतं. त्याने उभ्यानेच विचारलं.

"रोज धरायचास तिला?"

"हो."

"मला कधी बोलली नाही."

"तू रविवारी यायचास. रविवारी तिला बरं असायचं."

दादा खाली बसला. हाताच्या मागच्या बाजूने त्याने नाक पुसलं. "पेन दे," म्हणाला, आणि कार्ड मांडीवर ठेवून नेमक्या जागी सही केली. मग उठून कार्ड भावाच्या हाती दिलं, आईच्या खोलीत गेला आणि मागे दार ओढून घेतलं.

दाराचा आवाज आला नाही. दादा बाहेर कधी येईल, हे आता ऐकून कळण्यासारखं नव्हतं. त्याने कार्ड टेबलावर ठेवलं आणि धरायला दोन्ही हात मोकळे ठेवून तो दाराकडे बघत उभा राहिला.